मुलांना घरात जबाबदारी शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे साधारण दोन वर्षांपासून किशोरवयापर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत. प्रश्न पालक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तर संशोधनावर आधारलेले असेल तेथे तसे सांगितले आहे. उरलेल्या ठिकाणी ते मत आहे असे समजावे.

जबाबदारी शिकवणे म्हणजे नेमके काय? सांगितलेले काम मूल करते, तेवढे पुरेसे नाही का?

सांगितलेले काम करणे ही चांगली सवय आहे, परंतु तेथे जबाबदारी अजून पालकाकडेच असते. कुंडीतील रोपांना पाणी घालण्याचे साधे काम घ्या. माती कोरडी पडली आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते, पाण्याची वेळ झाली हे आठवावे लागते, हातातील खेळ बाजूला ठेवून उठावे लागते, प्रत्यक्ष पाणी घालावे लागते आणि शेवटी खाली सांडलेले पाणी पुसून भांडे जागेवर ठेवावे लागते. बहुतेक घरांत यांपैकी केवळ पाणी घालण्याचा भाग मुलाकडे असतो आणि बाकी सर्व आईच्या किंवा वडिलांच्या डोक्यात चालू असते. अशी कित्येक वर्षे गेली, तरी मुलाला पाणी घालायला येते, पण रोपांची काळजी घेणे त्याच्याकडे आलेले नसते.

म्हणून या संपूर्ण लेखनात एकच आग्रह वारंवार आढळेल: मुलाला अनेक सुटी कामे सांगण्यापेक्षा एखादे छोटे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, म्हणजे ते लक्षात ठेवण्यासह, त्याच्या हाती सोपवावे. पाच कामे सांगून करून घेण्यापेक्षा एक काम असे पूर्णपणे सोपवणे पालकाला अधिक कठीण जाते, कारण त्यात स्वतःला आवरावे लागते.

ही सुरुवात कोणत्या वयात करावी?

मुलाला चालता येऊ लागले आणि ते तुमच्या मागे मागे फिरू लागले की सुरुवात करता येते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १८ महिन्यांच्या बालकांसमोर एक अनोळखी प्रौढ व्यक्ती अडचणीत सापडत असे. कधी तिच्या हातून वस्तू खाली पडून हाताबाहेर जाई, कधी दोन्ही हात भरलेले असल्यामुळे कपाटाचे दार उघडता येत नसे. बहुतेक बालकांनी कोणी न सांगता, बक्षिसाची किंवा कौतुकाची अपेक्षा न ठेवता, निदान एखाद्या प्रसंगी तरी मदत केली. मदत करण्याची ओढ मुलांमध्ये पालकांना निर्माण करावी लागत नाही. ती आधीच असते आणि तिला वाट करून द्यावी लागते.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्तेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. पुढे त्यांच्या पद्धतीत झाडणे, पुसणे, हात धुणे, बटणे लावणे, पाणी ओतणे अशा रोजच्या कामांना शिक्षणातच स्थान मिळाले आणि त्यासाठी मुलांच्या उंचीची टेबले, खुर्च्या व हातात मावतील अशी साधने वापरली गेली. घरातही हीच गोष्ट प्रथम पाहावी. कपडे टांगण्याचा हूक मुलाच्या हाताला पोहोचत नसेल, तर कपडे जमिनीवर पडतात यात मुलाचा दोष फारसा नसतो.

कोणत्या वयात कोणती कामे सांगावीत?

वयाची यादी केवळ अंदाजासाठी वापरावी, कारण एकाच वयाच्या दोन मुलांच्या क्षमतेत बराच फरक असू शकतो. दोन-तीन वर्षांचे मूल खेळणी टोपलीत टाकणे, मळलेले कपडे ठरलेल्या जागी नेणे, सांडलेले पाणी फडक्याने टिपणे अशी कामे मोठ्यांच्या सोबतीने करते. चार-पाच वर्षांच्या मुलाला जेवणाआधी पाणी व चमचे मांडणे, मोज्यांच्या जोड्या लावणे, स्वतःचे बूट जागेवर ठेवणे जमते. शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत दप्तर भरणे, अंथरूण आवरणे, कोरडे कपडे घड्या घालून ठेवणे ही कामे त्याची स्वतःची होऊ शकतात. नऊ-दहा वर्षांनंतर भांडी धुणे, खोली झाडणे, साधा खाद्यपदार्थ देखरेखीखाली तयार करणे, आणि किशोरवयात स्वतःचे कपडे धुणे, आठवड्यातील एका जेवणाची पूर्ण व्यवस्था पाहणे, घरातील एखादे बिल वेळेवर भरले जाते की नाही याकडे लक्ष देणे येथपर्यंत जाता येते.

विस्तव, धारदार वस्तू, उकळते पाणी, स्वच्छतेची तीव्र रसायने, औषधे आणि तान्ह्या बाळाची एकट्याने देखभाल या गोष्टींना मात्र वयाच्या अंदाजावर सोडू नये. तेथे मोठी व्यक्ती जवळ असलीच पाहिजे, आणि मूल तयार आहे की नाही हे त्याच्या आग्रहावरून न ठरवता त्याच्या प्रत्यक्ष वागण्यावरून ठरवावे.

लहान मुलाने मदत केली की काम दुप्पट होते. अशा वेळी त्याला दूर ठेवणे योग्य नाही का?

घाईच्या वेळी दूर ठेवावेच लागते, आणि त्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु तीन वर्षांच्या मुलाला रोजच ‘तू जा, खेळ’ असे सांगितले गेले, तर घरातील काम ही मोठ्यांची बाब आहे आणि आपले काम खेळणे एवढेच आहे, असा अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष ते काढते. पुढे नऊ वर्षांचे झाल्यावर त्याच मुलाकडून मदतीची अपेक्षा केली जाते, तेव्हा त्याला ती नव्याने लादलेली वाटते. ज्या वयात इच्छा भरपूर असते त्या वयात कौशल्य नसते, आणि कौशल्य येते तेव्हा इच्छा ओसरलेली असू शकते. या दोहोंची गाठ घालून देणे हेच पालकाचे खरे काम आहे. दिवसातून एक काम, ज्याला घाई नाही असे, मुलासोबत करण्यासाठी राखून ठेवावे आणि त्या कामाला लागणारा जास्तीचा वेळ हा शिकवण्याचा वेळ म्हणून धरावा.

नवीन काम शिकवावे कसे? एकदा दाखवले तरी मुलाला येत नाही.

एकदा दाखवून येत नाही, कारण मोठ्यांना एक वाटणारे काम मुलाच्या दृष्टीने अनेक कामांचे असते. ‘खोली आवर’ या दोन शब्दांत काय उचलायचे, कोठे ठेवायचे, कशाने सुरुवात करायची आणि केव्हा थांबायचे असे बरेच निर्णय दडलेले आहेत. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली शिकवण्याच्या प्रक्रियेचे वर्णन करताना परांचीची उपमा दिली: बांधकामाला आधार लागतो तेथे परांची उभारतात आणि भिंत स्वतः उभी राहू लागली की ती काढून घेतात. घरात याचा अर्थ असा, की प्रथम मुलासमोर सावकाश काम करून दाखवावे, मग दोघांनी मिळून करावे, नंतर मुलाने करावे व आपण जवळ उभे राहावे, आणि शेवटी तेथून निघून जावे. पालक पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर जातात तेव्हा काम बिघडते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर वर्षानुवर्षे थांबतात तेव्हा काम मुलाचे होत नाही. दुसरी चूक अधिक आढळते आणि ती प्रेमापोटी होत असल्यामुळे लवकर लक्षातही येत नाही.

काम ‘पूर्ण झाले’ म्हणजे काय, हेही आधी ठरवावे. ‘टेबल स्वच्छ कर’ असे म्हणण्याऐवजी टेबलावर काही उरलेले नाही, पृष्ठभाग पुसलेला आहे आणि फडके धुऊन वाळत घातले आहे, असे सांगितले की मुलाला स्वतःचे काम स्वतः तपासता येते. हे तपासणे पालकाकडे राहिले, तर कामाचा शेवटही पालकाकडेच राहतो.

रोज दहा वेळा आठवण करून दिल्याशिवाय मूल काहीच करत नाही. काय करावे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. आठवण करून देणारी व्यक्ती खात्रीची असेल, तर मुलाला स्वतः आठवण्याची गरज उरत नाही. पहिल्या हाकेला उठले नाही तरी चालते, कारण सातवी हाक येणार हे त्याला माहीत असते. यात लबाडी असतेच असे नाही. पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आठवणे ही स्मरणशक्तीची स्वतंत्र क्षमता आहे, ती बालपणभर हळूहळू विकसित होते आणि खेळात रमलेल्या मुलाच्या बाबतीत तर तिची कसोटीच लागते. म्हणून ‘आता मी सांगणारच नाही’ असे जाहीर करून एकदम गप्प बसण्याचा उपायही सहसा टिकत नाही.

मधला मार्ग असा की आठवण करून देण्याचे काम माणसाकडून काढून घेऊन प्रसंगाकडे किंवा वस्तूकडे द्यावे. काम घड्याळाच्या वेळेला बांधण्यापेक्षा आधीच्या एखाद्या कृतीला बांधले की ते सोपे जाते: शाळेतून आल्यावर बूट काढले की डबा धुण्याच्या जागी ठेवायचा, दात घासून झाले की उद्याचे दप्तर भरायचे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या नियोजनाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, नुसत्या निश्चयापेक्षा अशा नियोजनाने ठरवलेली गोष्ट प्रत्यक्षात येण्याची शक्यता वाढते असे आढळले आहे. लहान मुलांसाठी चित्रांची पट्टी दारावर लावता येते. मूल चुकले तर ‘डबा काढ’ असे न म्हणता ‘पट्टी पाहिलीस का?’ एवढेच विचारावे, आणि काही दिवसांनी तेही विचारणे थांबवावे.

किती काळ लागेल, असे पालक विचारतात. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रौढांवर केलेल्या व २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात, एखादी नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता आणि त्याचा मध्यक ६६ दिवस होता, म्हणजे साधारण निम्म्या जणांना याहून कमी आणि निम्म्यांना याहून जास्त काळ लागला. मुलांना याहून कमी काळ लागेल असे मानण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट आढळली, ती ही की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा आला नाही. तेव्हा मंगळवारी दप्तर भरले नाही म्हणून सगळे फसले असे धरू नये.

घरकामासाठी मुलांना पैसे द्यावेत का?

नेहमीच्या कामांसाठी देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्यामागे कारणे आहेत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतील अशा मुलांवर प्रयोग केला, ज्यांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळेत चित्रे काढण्यात कमी वेळ घालवला. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले किंवा मुळीच मिळाले नाही, त्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही. वार्नेकेन आणि टोमासेलो यांना २००८ साली २० महिन्यांच्या बालकांमध्येही तसेच दिसले: मदतीबद्दल वस्तू मिळालेली बालके पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

घरातील कामांत याहून एक साधी अडचण येते. पैसे ही किंमत ठरली की मुलाला ‘मला आज पैसे नकोत, म्हणून मी काम करणार नाही’ असे म्हणण्याचा न्याय्य अधिकार मिळतो, आणि पालकाकडे त्याला उत्तर उरत नाही. जेवणानंतरची भांडी उचलणे हे त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे आणि त्याचा मोबदला कोणालाच मिळत नाही, हे मुलाने पाहावे व मानावे.

पैशांचा व्यवहार शिकवण्यासाठी खाऊचे पैसे वेगळे द्यावेत, ठरावीक दिवशी द्यावेत आणि कामाशी जोडू नयेत. ते लवकर संपले तर पुढच्या ठरलेल्या दिवसापर्यंत थांबावे लागणे, हाच त्यातील धडा असतो. मधेच भर घातली तर तो निघून जातो. ज्या कामासाठी एरवी बाहेरच्या माणसाला पैसे दिले असते, असे मोठे व कधीतरी येणारे काम मुलाने स्वेच्छेने अंगावर घेतले, तर त्याचा मोबदला देण्यास माझी हरकत नाही.

ताऱ्यांचा तक्ता, चिकटचित्रे वगैरे चालतील का?

नवीन सवय लावताना थोडे आठवडे चालतील, विशेषतः काम झाले की नाही हे मुलाला स्वतःला दिसावे म्हणून. तक्त्यावरील तारे वस्तूंमध्ये किंवा सवलतींमध्ये बदलून मिळू लागले, की वरच्या उत्तरातील सर्व अडचणी परत येतात.

कौतुक किती आणि कसे करावे?

‘किती गुणी बाळ माझे!’ यापेक्षा ‘तू पाणी भरून ठेवलेस, त्यामुळे जेवताना कोणाला उठावे लागले नाही’ हे वाक्य मुलाला अधिक उपयोगी पडते, कारण त्याच्या कामाचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते त्यातून कळते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या अभ्यासात, हुशारीबद्दल वाखाणलेली मुले अपयश आल्यावर लवकर मागे हटली आणि कष्टांबद्दल वाखाणलेली मुले अधिक टिकून राहिली. रोजच्या कामाला रोज टाळ्यांची गरज नाही. नुसते ‘पाहिले मी’ किंवा मोठ्यांना म्हणतो तसे मनापासूनचे ‘बरे झाले केलेस’ पुरेसे असते.

मुलाने काम अर्धवट किंवा वाईट केले, तर आपण ते पुन्हा करावे का?

त्याच्यासमोर करू नये. अंथरुणाच्या वळ्या मुलाच्या देखत सरळ करणारा हात त्याला हेच सांगतो की तुझे काम मोजले गेले नाही. प्रथम हे ठरवावे की झालेले काम वाईट आहे की केवळ आपल्या पद्धतीचे नाही. टॉवेलाची घडी तीन पदरी आहे की चार पदरी, याने काही बिघडत नाही. भांड्याला साबण राहिला असेल तर मात्र बिघडते. तेथे शांतपणे भांडे परत द्यावे, बोट फिरवून पाहायला सांगावे आणि ते त्याच्याकडूनच पूर्ण करून घ्यावे. मुद्दाम वाईट काम करून सुटका करून घेण्याचा प्रयत्न मोठी मुले कधी कधी करतात. अशा वेळी काम काढून न घेणे हेच उत्तर असते.

मूल वही घरी विसरले तर शाळेत नेऊन द्यावी का?

क्वचित एखाद्या वेळी विसरले असेल तर जरूर द्यावी. घरातील माणसे एकमेकांसाठी एवढे करतातच. मात्र दर आठवड्याला नेऊन द्यावी लागत असेल, तर दप्तराची जबाबदारी अजून पालकाकडेच आहे असे समजावे, आणि पुढच्या वेळी मुलाला शिक्षकांना स्वतः सामोरे जाऊ द्यावे. त्याआधी दप्तर भरण्याची पद्धत त्याच्याबरोबर बसून एकदा ठरवलेली असावी. कसे करायचे ते न शिकवता परिणाम भोगायला सोडणे अन्यायाचे आहे.

मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या वागण्याचे नैसर्गिक परिणाम आणि मोठ्यांनी ठरवलेले तर्कसंगत परिणाम असा फरक मांडला. रेनकोट नेला नाही तर भिजणे हा नैसर्गिक परिणाम होय. रंग सांडले तर ते स्वतः पुसणे हा तर्कसंगत परिणाम होय. रंग सांडले म्हणून संध्याकाळी खेळायला जाणे बंद करणे ही शिक्षा होय, कारण सांडण्याचा आणि खेळण्याचा काहीही संबंध नाही. परिणाम चुकीशी जोडलेला असावा, मुलाला आधी माहीत असावा आणि सांगताना आवाजात टोमणा नसावा. यांतली शेवटची अट सर्वांत अवघड आहे. ‘बघ, मी सांगितले होते ना’ हे वाक्य उच्चारले की मुलाचे लक्ष स्वतःच्या चुकीवरून उडून पालकाच्या बोलण्यावर जाते.

परिणाम होऊ देण्याला मर्यादाही आहेत. आरोग्य, सुरक्षितता किंवा दुसऱ्याचे नुकसान यांचा प्रश्न असेल तेथे पालकाने मध्ये पडलेच पाहिजे. दम्याचे औषध विसरणे हा धडा शिकवण्याचा प्रसंग नव्हे.

शिक्षा म्हणून घरकाम लावावे का?

लावू नये. भांडी घासणे ही शिक्षा ठरली, की जी व्यक्ती रोज भांडी घासते ती रोज कशाची शिक्षा भोगते, असा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहतो.

मूल साफ नकार देते, वाद घालते, दार आपटते. अशा वेळी माघार घ्यावी की जबरदस्ती करावी?

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी केवळ हुकूम चालवणारे पालक आणि सर्व काही चालवून घेणारे पालक यांच्याखेरीज तिसरा प्रकार वर्णिला: जे अपेक्षा स्पष्ट ठेवतात, त्या सोडत नाहीत, पण त्यांची कारणे सांगतात आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतात. नकाराच्या वेळी हा तिसरा मार्ग असा दिसतो: काम होणार हे ठरलेले आहे, परंतु ते कोणते, कधी आणि कसे यावर बोलता येईल. ‘तू भांडी घेतोस की झाडणे घेतोस? खेळाआधी करतोस की नंतर?’ असा पर्याय खरा असला पाहिजे, आणि मुलाने निवडलेला पर्याय आपल्याला गैरसोयीचा असला तरी मानला पाहिजे.

ऐन भांडणात कोणताही नियम ठरवू नये. राग शांत झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, नकार कशाला होता ते विचारावे. कधी काम खरोखर अवघड असते, कधी भावंडाला कमी काम आहे असे वाटत असते, कधी शाळेतील काही वेगळेच बिनसलेले असते. एरवी काम करणारे मूल अचानक सगळेच सोडू लागले, झोप-जेवण बदलले, तर घरकामाचा आग्रह बाजूला ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यावे.

भावंडांमध्ये कामे कशी वाटावीत?

सारखी वाटण्याऐवजी पेलतील तशी वाटावीत आणि वेळोवेळी बदलावीत. सर्वांनी एकत्र बसून घरातील सर्व कामांची यादी केली, मोठ्यांची कामेही त्यात लिहिली, तर मुलांना प्रथमच कळते की घर चालवायला किती गोष्टी लागतात.

मुलगी म्हणून स्वयंपाकघरात आणि मुलगा म्हणून बाहेर, ही वाटणी मात्र जाणीवपूर्वक मोडावी लागते, कारण ती आपोआप होते. युनिसेफने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जगभरात ५ ते १४ वर्षे वयाच्या मुली बिनमोबदला घरकामात त्याच वयाच्या मुलांपेक्षा ४० टक्के अधिक वेळ घालवतात, आणि हा फरक दररोज १६ कोटी तासांचा आहे. ज्या मुलाला स्वतःचे जेवण बनवता येत नाही आणि ज्या मुलीला दिव्याचा बल्ब बदलता येत नाही, त्या दोघांनाही घराने अर्धेच शिकवलेले असते.

मूल स्वतःचे सर्व करते. घरातील इतरांसाठीही त्याने काम करणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. स्वतःचे अंथरूण, स्वतःचे दप्तर, स्वतःचे कपडे ही कामे स्वावलंबन शिकवतात, परंतु दुसऱ्याच्या सोयीसाठी काही करण्याचा अनुभव त्यांत येत नाही. जोन ग्रूसेक, जॅकलिन गुडनाउ आणि लॉरेन्झो कोहेन यांनी १९९६ साली या फरकाकडे लक्ष वेधले. त्यांच्या अभ्यासात, घरातील इतरांसाठीचे काम नेहमीचे म्हणून करत असलेल्या मोठ्या मुलांमध्ये इतरांविषयीची आस्था अधिक आढळली. केवळ स्वतःपुरते काम करण्याशी तिचा तसा संबंध दिसला नाही. प्रत्येक मुलाकडे निदान एक काम असे असावे, जे त्याने केले नाही तर घरातील दुसऱ्या कोणाची तरी खरी अडचण होईल.

अभ्यासाचा ताण असताना घरकाम कमी करावे का?

परीक्षेच्या दिवसांत कमी करावे, शून्य करू नये. पंधरा मिनिटांच्या कामाने अभ्यास बुडत नाही. वास्तविक येथे उलट प्रश्न विचारायला हवा. मुलाचा गृहपाठ, त्याच्या तारखा, त्याचे प्रकल्प हे सर्व पालक लक्षात ठेवत असतील, तर अभ्यास ही तरी मुलाची जबाबदारी आहे का? अडलेले समजावून देणे ही मदत झाली. शेजारी बसून प्रत्येक ओळ लिहून घेणे म्हणजे गृहपाठ पालकाने करणे होय.

आजी-आजोबा किंवा दुसरा पालक मुलाचे काम स्वतः करून टाकतात. काय करावे?

त्यांच्या मायेला दोष न देता, मुलासमोर वाद न घालता, त्यांना वेगळी भूमिका द्यावी. आजोबांनी नातवाला बटण लावायला शिकवावे, नातवाचे बटण त्यांनी लावू नये, ही विनंती बहुतेक वेळा मानली जाते. सर्व मोठ्यांचे सर्व बाबतींत एकमत होणे अशक्य आहे. दोन-तीन गोष्टींवर झाले तरी पुरते.

पाळीव प्राणी आणल्याने मूल जबाबदार होईल का?

केवळ त्यासाठी आणू नये. मूल विसरले तर वही कोरी राहते, पण प्राणी उपाशी राहतो. त्याच्या आरोग्याची अंतिम जबाबदारी शेवटपर्यंत मोठ्यांकडेच असते, आणि ती घेण्याची तयारी असेल तरच मुलाला त्यात वाटा द्यावा.

लक्ष एकाग्र करण्यात अडचण असलेल्या मुलांकडून अशी अपेक्षा ठेवावी का?

ठेवावी, परंतु वाट वेगळी असावी. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या मुलाला काम सुरू करणे, वेळेचा अंदाज घेणे आणि मधली पायरी लक्षात ठेवणे ही मेंदूच्या पातळीवरची अडचण असते. तिला आळस किंवा बेफिकिरी म्हणणे चुकीचे आणि दुखावणारे आहे. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना, डोळ्यांसमोर राहणारी यादी, कामाचे लहान तुकडे आणि जवळ कोणीतरी आपापले काम करत बसलेले असणे यांचा उपयोग होतो. स्वमग्न मुलांना चित्रांचा ठरलेला क्रम अनेकदा मदत करतो. आधार काढून घेण्याची घाई येथे अजिबात करू नये, आणि काही आधार कायमचे लागले तरी त्यात कमीपणा मानू नये. मुलावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून अपेक्षा ठरवाव्यात.

किती काम म्हणजे जास्त?

झोप, शाळा, अभ्यास, खेळ आणि मित्र यांना धक्का लागू लागला की जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम मुलांचा विश्रांतीचा, फुरसतीचा व खेळण्याचा हक्क मान्य करते आणि ३२ वे कलम शिक्षणात अडथळा आणणाऱ्या किंवा आरोग्याला अपायकारक असलेल्या कामापासून त्यांना संरक्षण देते. घरात आजारपण असते, एकच पालक असतो, अशा वेळी मोठ्या मुलावर धाकट्यांची किंवा आजारी माणसाची रोजची देखभाल येऊन पडते. ते मूल कौतुकास पात्र असतेच, पण त्याचे ‘शहाणपण’ पाहून मोठ्यांनी निर्धास्त होऊ नये. पालकाच्या आर्थिक चिंता, पती-पत्नींमधील भांडणे यांचा भार वाहणे ही कोणत्याही मुलाची जबाबदारी नव्हे.

मूल पंधरा वर्षांचे आहे आणि आजवर आम्ही त्याला काहीच करू दिले नाही. आता उशीर झाला आहे का?

उशीर झालेला नाही, परंतु पद्धत बदलावी लागेल. नियोजन, आत्मनियंत्रण आणि पुढचा विचार यांच्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या पुढील भागाची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. म्हणजे पंधराव्या वर्षी विसरभोळेपणा अपेक्षितच असतो आणि शिकण्याला भरपूर वाव असतो. या वयात तक्ते आणि पट्ट्या अपमानास्पद वाटतात. त्याऐवजी समोर बसून सरळ सांगावे, की आजवर ही सर्व कामे आम्ही केली, पुढील तीन वर्षांत तुला एकट्याने राहता आले पाहिजे असे आम्हाला वाटते, आणि त्यासाठी कोणत्या गोष्टी यायला हव्यात याची यादी तूच कर.

त्या यादीतील एकच गोष्ट प्रथम घ्यावी. कपडे धुण्याने सुरुवात करणे बरे, कारण तेथे विसरण्याचा परिणाम लवकर दिसतो, तो फक्त मुलालाच भोगावा लागतो आणि त्यात धोका काही नसतो. एकदा सोबत उभे राहून सर्व दाखवावे, साबण कोठे ठेवला आहे ते सांगावे आणि त्यानंतर त्याच्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहू नये. पहिले काही आठवडे तो ढीग वाढेल. एखाद्या सकाळी हवा तो सदरा मिळणार नाही आणि राग तुमच्यावर निघेल. त्या सकाळी कपाटातून दुसरा सदरा काढून देऊ नये, व्याख्यानही देऊ नये. संध्याकाळी मुलाने विचारले तर डाग कसा काढायचा ते मात्र जरूर सांगावे. हे एक काम सुरळीत झाल्यावरच यादीतील दुसऱ्या कामाकडे वळावे.